तिसरा खांब कुणाकडे झुकतो

सुनयना त्या दिवशी डोंगराच्या पोटात शिरली ती अगदी साध्या कामाला. सकाळी डबा घेऊन आदिलाबादहून ऑफिसच्या जीपमध्ये बसली. वाटेत कापसाच्या गाड्यांची रांग लागली म्हणून ड्रायव्हरने मनसोक्त शिव्या घातल्या आणि इंद्रवेल्लीला सगळ्यांनी चहा घेतला. भीती वाटावी असं काय होतं हो त्यात? भुतंखेतं अमावास्येला पडक्या विहिरीपाशी भेटतात, असं आपण समजून चालतो. इथे तर लख्ख ऊन होतं, आणि शेजारी मंचेरियलचा प्रवीण बसला होता. त्याची बडबड ऐकून भूतच हात जोडून पळालं असतं.

आता ते काम काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आभाळातून बारीक कणांचा पाऊस सारखा पडत असतो. तुमच्या माझ्या अंगातून जातो, डोंगरातूनही जातो. त्यातले जे कण डोंगर भेदून खाली पोचतात त्यांची वाट पाहायला डोंगराच्या पोटात एक प्रचंड हॉल खणलाय. त्यात लोखंडी पत्र्यांची चळत उभी आहे, एखाद्या इमारतीएवढी, वीज सोडली की सगळी चुंबक होणारी, आणि दर दोन पत्र्यांमध्ये कण टिपणारी एक चपटी पेटी. कण एकेका पेटीत ठिपका टाकत जातो. ठिपके जोडले की त्याची वाट दिसते. पण एखादी पेटी केसभर जरी सरकली, तरी सरळ गेलेला कण वाकडा गेल्यासारखा दिसतो आणि मोठमोठे शास्त्रज्ञ उगाच नाचायला लागतात. म्हणून वर्षातून एकदा सगळं बंद ठेवून पेटीन् पेटी जागेवर आहे की नाही ते मोजायचं.

आणि मोजायचं कशावरून? तर हॉलच्या चार कोपऱ्यांत चार काँक्रीटचे खांब आहेत, खडकात खोल रोवलेले. प्रत्येकाच्या डोक्यावर पोलादी खुंटी, खुंटीवर आरशाची गोळी बसवायची. यंत्रातून लेझरचा किरण गोळीवर सोडला की खांब कुठे आहे ते कळतं, आणि खांबांवरून बाकी सगळं. जग इकडचं तिकडे झालं तरी हे चार खांब हलायचे नाहीत, असा त्या मोजणीचा धर्मच आहे.

सुनयनाला हे काम पाठ होतं, पण या हॉलमध्ये मोजायला ती प्रथमच येत होती. याचं कारण तिचे मामा.

मामा म्हणजे व्यंकटराव. रक्ताचे नव्हेत. सुनयनाचा बाप पंढरी हा बेल्याकडचा गवंडी. हा हॉल खणला गेला तेव्हा तो इथे कामाला होता आणि व्यंकटराव त्या कामावरचे इंजिनिअर. पोर नुकती शाळेत जायला लागली होती. एक दिवस पंढरी कामावरून परतलाच नाही. मग व्यंकटराव स्वतः घरी आले, खाली मान घालून बसले आणि सुनयनाच्या आईला, बयनाबाईला म्हणाले, "कसं सांगू ताई... चंद्रपूरच्या बसमध्ये चढताना पाहिलं मी त्याला. एकटा नव्हता तो."

झालं! गावाला चघळायला विषय मिळाला. नवरा जिवंत म्हणून बयनाबाईनं कुंकू ठेवलं, तर त्या कुंकवाकडे बघून बायका एकमेकींना कोपर मारायच्या. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. शेवटी पोरीला घेऊन ती आदिलाबादला आली. तिथे खोली कुणी पाहून दिली? व्यंकटरावांनी. पोरीची शाळा, कॉलेज कुणी पाहिलं? व्यंकटरावांनी. दर भाऊबीजेला ते येत, बयनाबाई त्यांना ओवाळी आणि ते डोळे गच्च मिटून बसत. "देवमानूस हाय," ती म्हणायची, "ओवाळतानाई ध्यान लावून बसते." मोजमाप सुनयना त्यांच्याच हाताखाली शिकली, नोकरीला त्यांच्याच शब्दावर लागली. फक्त खालच्या हॉलमध्ये मोजायला त्यांनी तिला कधी पाठवलं नाही. "तू वरचं काम बघ, बेटा," म्हणायचे. आता ते रिटायर झाले होते, आणि नव्या साहेबांना यातलं काय ठाऊक? त्यांनी पाठवलं.

बापाबद्दल सुनयनाच्या मनात एकच गोष्ट होती. कधीतरी तो समोर यावा आणि त्याला तोंडावर विचारावं, का गेलास? आमचं काय चुकलं होतं? एवढं उत्तर मिळालं असतं तर ती पुढे कधीच त्याचं नाव घेणार नव्हती.

तर, दोघं हॉलमध्ये पोचली. मोजताना मोठे दिवे बंद ठेवतात. दिव्यांनी हवा तापते आणि तापलेल्या हवेत किरण वाकतो. पंखेही बंद. मग त्या हॉलमध्ये जी शांतता पसरते ना, ती वर जमिनीवर कुठे मिळायची नाही. आपल्याच कानातलं रक्त वाजतं. उजेड म्हणाल तर लॅपटॉपच्या पडद्याचा तेवढा, आणि त्यापलीकडे तो लोखंडाचा डोंगर नुसता जाणवत राहतो.

पहिले दोन खांब प्रवीणने मोजले. जागच्या जागी. तिसरा सुनयनाने घेतला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"प्रवीण, गोळी नीट बसवलीस ना?"

"बसवली ना अक्का. काऊन?"

"खुंटी सरकलेली दिसते. माझ्याकडे."

केसाच्या जाडीइतकीच, पण खांबाच्या मानाने ते म्हणजे घर सरकण्यासारखं. तिने यंत्र उचलून हॉलच्या दुसऱ्या टोकाला मांडलं आणि पुन्हा मोजलं. खुंटी आता त्या बाजूला सरकली होती. पुन्हा तिच्याकडेच. यंत्रात खोट असेल म्हणून तिने दुसरं यंत्र लावलं. तेच. मग प्रवीण मोजायला बसला आणि ती बाहेर बोगद्यात पाणी प्यायला गेली. परत आली तर तो हसत होता. "बराबर हाय की. जागेवरून हल्ला नाई पिलर. तुमचीच नजर..." असं म्हणता म्हणता त्याने पडद्याकडे पाहिलं आणि मान वळवून मागे बघितलं. ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"अक्का, तुमी एक काम करा," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "तुमी अंधारात फिरा जरा. कुठं चालल्या ते मले सांगू नका."

सुनयना निघाली. हाताने चाचपडत, पत्र्यांच्या चळतीला वळसा घालून. प्रवीणला आपली पावलं ऐकू येऊ नयेत म्हणून तिने चपलाही काढल्या. जमीन बर्फासारखी गार होती. आणि वास येत होता. ओल्या सिमेंटचा, अगदी ताज्या कालवलेल्या मालाचा. या हॉलमध्ये कैक वर्षांत कुणी सिमेंटची पाटी उचलली नव्हती.

"अक्का..." प्रवीणचा आवाज आला. "तुमी चळतीच्या मागं हाव का?"

"हो."

थोडा वेळ गेला. ती थांबली, वळली, भिंतीच्या कडेने उलटी आली.

"आता भिंतीपाशी... दाराच्या बाजूनं..."

"तुला दिसते का रे मी?"

"नाई अक्का." तो जवळजवळ कुजबुजत होता. "तो सांगून राह्यला."

ती कशीबशी परत आली. दोघं पडद्यासमोर खेटून बसली. खांबाच्या डोक्याची जागा तिथे एका सरळ रेघेने दिसत होती. आणि ती रेघ बघता बघता हलली. एक झटका. मग लगेच दुसरा. मग स्थिर. थोड्या वेळाने पुन्हा, एक, दोन. जसं कुणी दोरीला धरून दोनदा ओढावं.

प्रवीणने रामाचं नाव घेतलं आणि सगळे दिवे लावले. सुनयनाला मात्र अशा वेळी एकच माणूस आठवायचा. डोंगरात मोबाईल चालत नाही. भिंतीवर वायरचा फोन होता, तो तिने मामांना लावला.

"मामा, मी खालच्या हॉलमधून बोलते. एक खांब विचित्र..."

"तू तिथे कशी?" मामा ओरडलेच. "तुला कोणी पाठवलं तिथे?"

"मोजणी लागलीय ना. मामा, ऐका तर, रीडिंगमध्ये झटके येतात. दोन दोन..."

मग अगदी खालच्या आवाजात मामांनी विचारलं, "तिसरा ना?"

सुनयनाने फोन ठेवला. तिसरा, असं ती अजून बोललीच नव्हती. एका वाक्याने माणसाच्या पायाखालची जमीन कशी जाते ते तिला त्या घडीला कळलं. जीप तिने तशीच परत आदिलाबादला वळवायला लावली. ऊन अजून उतरलं नव्हतं तेव्हा ती व्यंकटरावांच्या अंगणात उभी होती.

मामी, म्हणजे वनमालाबाई, देवळात गेल्या होत्या. मामा झोपाळ्यावर बसले होते, झोपाळा थांबवून. तिला बघून उठले नाहीत.

"सांगा," सुनयना म्हणाली.

"काय सांगू, बेटा... खामखा कशाला जुनं..."

"तिसरा खांब, मामा."

मग त्यांनी सांगितलं. खांबाचा पाया म्हणजे खडकातला खोल खड्डा, त्यात सळयांचा पिंजरा. ओतकामाच्या आधी एक माणूस ओळंबा घेऊन तळाशी उतरायचा. ओळंब्याची दोरी वर इंजिनिअरच्या हातात. मिक्सरच्या आवाजात हाका ऐकू यायच्या नाहीत, म्हणून दोरीची खूण ठरलेली. एक झटका, थांबा. दोन झटके, ओळंबा ठीक, मी शिडीनं निघालो, ओता. त्या दिवशी खाली पंढरी होता.

"दोन झटके आले, सुनू. देवाशपथ, दोनच आले. मी हात केला आणि माल पडायला लागला. त्याचा पाय घसरला असेल, दोरीला धरलं असेल त्याने... मला काय ठाऊक?"

"मग?"

मामांनी झोपाळ्याची कडी घट्ट धरली.

"मग काय झालं, मामा?"

"मग पुन्हा आले झटके. एकसारखे. खूप." त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "तो खांब एका दमात ओतायचा असतो. मध्ये थांबलं की जोड येतो, आणि जोड आलेला खांब पुढेमागे हलतो. मग तो काय कामाचा? वरून पाहणी यायची होती. सगळा प्रकल्प त्याच्यावर..."

"दोरी सुटली तुमच्या हातातून?"

"सोडली," व्यंकटराव म्हणाले.

ऐकलंत? सोडली! आणि वर चार दिवसांनी त्याच माणसाने त्याच्या बायकोच्या दारात बसून, चंद्रपूरच्या बसची गोष्ट रचली. सुनयना ज्यांच्या बोटाला धरून शाळेची पायरी चढली, तेच बोट. तिला एकदम शिसारी आली, स्वतःच्या शिक्षणाची, नोकरीची, अंगावरच्या कपड्यांचीसुद्धा. आणि त्याखाली, खोल कुठेतरी, एक भलताच आनंद होता. तो गेला नव्हता. आपल्याला टाकून गेला नव्हता तो!

"आईला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं. आणि मग ठाण्यात. तो खांब फोडून माझ्या बाबाला बाहेर काढायचं."

"येतो. उद्या सकाळीच येतो," मामा रडत म्हणाले. "ताईच्या पायांवर डोकं ठेवतो."

घरी येऊन तिने आईला सांगितलंच, पोटात मावेना. बयनाबाई तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं.

"मंजे गेला नोता?"

"नाही गं आई."

"मंग मी त्याले एवढ्या शिव्या काऊन देल्या व?" बयनाबाई म्हणाली. "रोज देल्या. सकाळी उठून देल्या." आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेपासून उंबऱ्यात बसली. डोक्यावर पदर घेऊन, रस्त्याकडे डोळे लावून. आपल्या भावाची वाट पाहत. ऊन डोक्यावर आलं. व्यंकटराव आले नाहीत. आला तो नव्या साहेबांचा फोन. साहेब फार गोड बोलत होते. "सुनयना, थोडे दिवस आराम करा तुम्ही. व्यंकटराव सर येऊन गेले सकाळी. बिचारे फार काळजीत होते. वडिलांनी टाकल्याचा धक्का लहानपणापासून तुमच्या मनावर आहे म्हणाले. डोंगरात, अंधारात एकटीने काम केलं की असे भास..."

"मी एकटी नव्हते, सर. प्रवीण होता."

"त्याला विचारलं आम्ही. त्याला काहीच दिसलं नाही म्हणतो."

काय म्हणावं आता? प्रवीणचं लग्न ठरत होतं, नोकरी नवी होती. प्रत्येकाकडे आपापलं कारण असतंच. तिसऱ्या खांबाची गेल्या वर्षीची मापं या वर्षीची म्हणून लावली गेली आणि खांब पास झाला. ठाण्यात तिचं म्हणणं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि एवढ्या मोठ्या सरकारी कामाचा खांब भासापोटी कोण फोडणार, असं विचारलं. बयनाबाईनं मात्र एक केलं. भाऊबीजेचं तबक अडगळीत ठेवलं नाही की विकलं नाही, रस्त्यावर नेऊन फेकलं.

हॉल पुन्हा बंद व्हायच्या आदल्या दिवशी प्रवीण दारात आला. खाली बघत उभा होता.

"अक्का, मी डरलो. मले माफ करा नका करू... पन उद्या आत चुंबक चालू होऊन राह्यलं. मंग वर्षभर कोनी आत जात नाई. आज जेवायच्या टायमाला मी एकटाच हाय तिथं. चलता का?"

ती गेली. मनात ठरवलं होतं, खांबाला हात लावून सांगायचं. बाबा, मला कळलंय. मी तुला काढीन. किती का वर्षं लागेनात.

दिवे मालवले. प्रवीणने गोळी बसवली, रेघ पडद्यावर आली. सुनयना खांबाजवळ गेली आणि गार काँक्रीटवर दोन्ही तळवे टेकून उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द रागाशिवाय तिच्या तोंडून निघाला होता.

"अक्का..." प्रवीण म्हणाला. "तुमच्याकडे नाई हो. तो तं दुसरीकडंच झुकून राह्यला."

ती पडद्यापाशी आली. खुंटी वायव्येला सरकली होती. मागच्यासारखी केसभर नव्हे, चांगली बोटभर. वायव्येला हॉलची नुसती भिंत होती. भिंतीपलीकडे डोंगर, आणि डोंगरापलीकडे, सरळ रेघ ओढली तर, आदिलाबाद. आणि ती दिशा थांबलेली नव्हती. डोळ्यांदेखत खुंटी हळूहळू फिरत होती. वायव्येकडून पश्चिमेकडे. दम धरून, कुणावर तरी नजर ठेवल्यासारखी.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. फोन तिने घेतला.

"सुनू? मला वाटलंच तू तिथे असशील." मामांचा आवाज होता, मागे गाडीचा आवाज. "बेटा, रागावू नकोस. मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठीच. आम्ही हैदराबादला चाललोय, मुलाकडे. कायमचेच. आता गुडीहतनूर मागे पडलं."

सुनयनाने पडद्याकडे पाहिलं. खुंटी पश्चिमेला होती.

"तुम्ही येतो म्हणाला होतात, मामा. आई दारात बसली होती."

"माझं वय बघ, बेटा. या वयात मला काय फाशी... पंढरी तर परत येणार नाही ना? आणि तुमचं मी काही कमी केलं का, सांग." ते बोलतच राहिले. इच्चोडा आलं म्हणाले. मामींना गाडी लागते म्हणाले. खुंटी नैर्ऋत्येकडे कलत चालली होती. त्या रस्त्याचं प्रत्येक वळण तिला ठाऊक असावं, अशी. सुनयनाला ओरडून सांगावंसं वाटलं, मामा, गाडी थांबवा, परत फिरा, अजून वेळ आहे. कसंही झालं तरी त्या माणसाने तिला अक्षर शिकवलं होतं. तिचे ओठ उघडलेसुद्धा.

"सुनू," मामांनी मध्येच विचारलं, आवाज दबका करून. "तो... हलतो का गं अजून?"

त्याच क्षणी रेघ सरळ झाली. खुंटी आपल्या मूळ जागेवर आली होती, तसूभर इकडे नाही, तिकडे नाही. प्रवीणने टाळी वाजवली. "अक्का! बराबर झाला! एकदम बराबर!"

सुनयनाने फोन तसाच लोंबता टाकला आणि अंधारात धावली. खांबाला तिने मिठी मारली, कान लावला, भोवती फिरली. "प्रवीण, बघ, आता बघ!" रेघ हलली नाही. ती डावीकडे गेली, उजवीकडे गेली. मुठींनी खांबावर मारलं. "बाबा, मी इथे आहे ना! बाबा!" काही नाही. नुसतं काँक्रीट होतं ते, दुसऱ्या तीन खांबांसारखं. आत कुणीच नव्हतं.

मग तिला समजलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी तिने त्याला बोल लावला, ती त्याने कधी केलीच नव्हती. ती आज केली. लेक दोन्ही हात पसरून समोर उभी असताना तो उठून गेला होता, तिच्यासाठी थांबला नव्हता, तिच्याकडे एकदा वळून बघितलंही नव्हतं. आणि आता आईला जाऊन काय सांगायचं?

लोंबत्या फोनमधून बारीक आवाज येत होता. "सुनू? हॅलो? सांग ना, बेटा. हलतो का?"

तिने फोन कानाला लावला. डोळे पुसले.

"नाही मामा," ती म्हणाली. खरं तेच तर सांगत होती ती. "आता अजिबात हलत नाही."

"सुटलो गं बाई!" व्यंकटरावांनी मोठा श्वास सोडला. "आता कुठे मला झोप लागेल." आणि पलीकडे त्यांच्या ड्रायव्हरचा आवाज आला, जरासा त्रासलेला. "सार, पीछे कुछ रखे क्या आप? गाडी एकदम भारी हो गई..."